सातवा खांब, नक्की

"माझी गाडी कुठे आहे रे?" वकिलाने विचारलं आणि मी बुटाची नाडी बांधत बांधत, मान वर न करता सांगितलं, "सातवा खांब, बाहेरची रांग, तोंड रॅम्पकडे." मान वर करायची मला गरज पडत नाही. या पार्किंगच्या दुसऱ्या मजल्यावर चौदा खांब, त्यांच्यामध्ये तेरा गाळे, प्रत्येक गाळ्यात भिंतीकडे दोन गाड्या आणि बाहेर, वाटेला लागून, दोन. म्हणजे बावन्न. पत्त्यांचा अख्खा कॅट. त्यातले चार-पाच पत्ते बाजूला काढून ठेवायचे, म्हणजे बाहेरच्या रांगेत तेवढी जागा मोकळी ठेवायची, नाहीतर आतली गाडी काढायची वेळ आली की बाहेरची ढकलणार कुठे, माझ्या डोक्यावर? सकाळी अकरापर्यंत हा कॅट माझ्या डोक्यात पिसून बसतो आणि संध्याकाळपर्यंत जागचा हलत नाही. हललाच एखादा पत्ता तर तो मी हलवलेला असतो. इथे मला माझ्या नावाने कोणी ओळखत नाही. नकाशा म्हणतात. "ए नकाशा, बँकवाल्याची पांढरी कुठे?" "नकाशाला विचारा, त्याला गाड्यांच्या आईबापांची नावं पण माहीत असतील." तर मी दुसरी नाडी बांधायला घेतली आणि तेवढ्यात वकील परत आला. "सातव्याला नाहीये," तो म्हणाला.

मी हसलो. गाडी नाहीये म्हणणारा माणूस मला फार आवडतो. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग येतो, मग शंका येते, आणि शंका पहिल्यांदा माझ्यावर न येता स्वतःवर येते, हे बघण्यासाठी मी एकोणीस वर्षं ही नोकरी केली आहे असं म्हटलं तरी चालेल. मी उठलो, पेटीच्या किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत सातव्यापाशी गेलो. सातव्याला काही नव्हतं. सिमेंटवर तेलाचा एक जुना डाग होता, तो कायमचाच आहे. त्याच्यावर सकाळी वकिलाची जाडी काळी गाडी होती, मी स्वतः तिच्या मागच्या चाकाखाली ठोकळा सरकवला होता, सरकवताना करंगळी चेमटली होती. करंगळी अजून दुखत होती. आणि गाडी दहाव्या खांबापाशी होती, बाहेरच्या रांगेत, तोंड रॅम्पकडे, मागच्या चाकाखाली ठोकळा, ठोकळ्याला लाल दोरी. लाल दोरीचा ठोकळा माझा.

"गंमत केली, साहेब," मी म्हणालो. जीभ माझ्या आधी पळाली. वकील आधी माझ्याकडे बघत राहिला आणि मग मोठ्याने हसला. माझी ख्याती त्याला ठाऊक होती. "एक दिवस मार खाशील माझ्या हातचा," असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, मी ठोकळा काढला, तो गेला. मी दोरी हातात धरून तिथेच उभा. बंद गाडी ढकलताना एक क्षण असा येतो की तळहातांवरचं वजन एकदम नाहीसं होतं. हलकं वाटतं, क्षणभर बरंसुद्धा वाटतं. नवा माणूस त्या क्षणाला खूश होतो. जुना माणूस उडी मारून पुढे धावतो, कारण गाडी हलकी झाली म्हणजे ती उताराला लागली. माझ्या तळहातांना तसं वाटलं. हातात फक्त दोरी होती, तरी वाटलं.

कारण मी गंमत केली नव्हती. आज तर नक्कीच नव्हती. म्हणजे मला आठवत नव्हती.

ही गंमत कशी करायची ते सांगतो, आता लपवून काय करायचं आहे. बाहेरच्या रांगेत गाडी लावताना मालकाला आम्ही एकच मंत्र म्हणायला लावतो: चाक सरळ, गिअर मोकळा, हँडब्रेक खाली. मग गाडी आमची. किल्ली मालकाच्या खिशात, पण कमरेच्या एका धक्क्याने ती पुढे-मागे जाते. आतल्या माणसाला निघायचं असलं की बाहेरची ढकलायची, तो निघून गेला की परत जागेवर आणायची, चाकाखाली ठोकळा सारायचा. सगळ्या मजल्याचं काम असं ढकलण्यावर चालतं. दुपारी एक ते दोन जेवायला जाणारे जातात, बाहेरची रांग विरळ होते, आणि मग समजा एखाद्या गाडीला सातव्यावरून दहाव्यावर नेलं तर कोण बघतं? कॅमेरे फाटकावर आहेत, वर नाहीत. मालक येतो. सातव्याकडे जातो. थांबतो. खांबावरचा आकडा वाचतो. खिसे चाचपतो, जणू गाडी खिशात असेल. एक जण तर मोबाईलवरून स्वतःच्याच गाडीला फोन लावायला निघाला होता, शपथ. मी स्टुलावर बसून बिडीच्या पाकिटाआड हसतो. माझे दोन नियम होते. तीन खांबांच्या पलीकडे न्यायची नाही, आणि एका माणसाला दोनदा नाही. दुसरा नियम मी एकाच माणसाच्या बाबतीत मोडला, शुक्रवारी येणाऱ्या बाईंच्या.

बाईंचा विचार आता नको होता, पण तो आला. मी स्टुलाकडे परत गेलो. मनात म्हटलं, ढकलली असेल रे कोणीतरी. कोणीतरी म्हणजे कोण? वर माझ्याशिवाय कोणी येत नाही. खाली पावतीवाली असते, ती खिडकी सोडून हलत नाही. आणि लंबू असतो, रॅम्पच्या तोंडाशी, खुर्चीत, गळ्यात शिट्टी. लंबू आणि मी एकाच आठवड्यात नोकरीला लागलो. गेल्या महिन्यापर्यंत पहिला मजला त्याचा होता. महिन्याभरापूर्वी त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं, ढकलून ढकलूनच आतडं उतरलं होतं म्हणे, आणि डॉक्टरने सांगितलं, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. म्हणून खुर्ची आणि शिट्टी. त्याचा मजला आता मीच बघतो. मग वर कोण? आणि माझी करंगळी? करंगळी सातव्यापाशी चेमटली होती हे मला आठवतं, की ती कशानेतरी चेमटली आणि सातव्यापाशी चेमटली असं मी मागून जोडून दिलं? आठवणीला आतून बघता येत नाही. ती समोर येते तेव्हा पूर्ण कपडे घालून, भांग पाडून येते.

मी बायकोला फोन लावला. "काय झालं?" तिने विचारलं. कामाच्या वेळात मी कधी फोन करत नाही. मी म्हटलं, "काही नाही, सहज. मी हल्ली काही विसरतो का गं?" पलीकडे पाण्याचा नळ चालू होता, तो बंद झाला. "हल्ली?" ती म्हणाली. "अहो, लग्न झाल्यापासून विसरताय. सांगा बरं, सकाळी निघताना मी काय आणायला सांगितलं?" सकाळ मी डोळ्यांपुढे आणली. दार, बूट, तिचा हात दाराच्या कडीवर, तिचे ओठ हलताहेत, आवाज नाही. "बघा," ती म्हणाली. "बल्ब. आठवडाभर सांगतेय. मोरीत अंधारात अंघोळ करतोय आपण." आणि हसायला लागली. मीही हसलो. तिला काय सांगणार? बल्ब विसरणाऱ्या माणसांनी जग भरलेलं आहे. पण बल्ब आणणं वेगळं आणि तीन खांब गाडी ढकलणं वेगळं. दीड टन लोखंड मी कमरेने रेटतो, गुडघे बोलतात, दम लागतो, शर्ट पाठीला चिकटतो. एवढं सगळं शरीराने केलं आणि मला कळवलं नाही? "ऐकताय ना?" ती म्हणाली. "बल्ब."

बाबा लिफ्टमन होते. आठ मजल्यांच्या कचेरीत, लोखंडी जाळीच्या दाराची लिफ्ट, बसायला गोल स्टूल. त्यांना कोणी मजला सांगत नसे. माणसाचे बूट बघून ते योग्य मजल्यावर दार उघडत. त्याचा त्यांना गर्व होता, मला नकाशा म्हणतात तसा. मी लहानपणापासूनच अवली. बाबांची छत्री दारामागच्या खिळ्यावर असायची, ती मी काढून स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर टांगायचो आणि कामाला निघायच्या वेळी त्यांची शोधाशोध बघत बसायचो. ते दारामागे हात घालायचे, हात रिकामा यायचा, मग वळून माझ्याकडे बघायचे, माझं हसू फुटायच्या बेतात असायचं. "तूच ना रे गधड्या?" असं म्हणून कान पिळायचे. इतका मोकळा व्हायचा त्यांचा चेहरा. पुढे मी नोकरीला लागलो, छत्रीचा खेळ केव्हाच सुटला, आणि मग छत्री आपोआप हरवायला लागली. कधी गादीखाली, कधी बादलीत, एकदा तर त्यांच्या स्वतःच्या हातावर लटकलेली. कचेरीतून निरोप आला की लिफ्ट चुकीच्या मजल्यांवर थांबते, लोक हसतात, पण साहेब हसत नाहीत. मग एके दिवशी ते लिफ्टमध्ये एकटेच तासभर वर-खाली करत राहिले. दार उघडायचं नाही, थांबायचं नाही. जाळीतून प्रत्येक मजल्यावरच्या माणसांना त्यांचा चेहरा दिसत होता आणि खाली जात होता. तो चेहरा मी पाहिलेला नाही. पण इतक्यांनी इतक्या वेळा सांगितला की आता तो मीच पाहिला आहे.

स्टुलाखालच्या पत्र्याच्या पेटीत ठोकळे, फडकं, पान्हे असतात आणि तळाशी बाईंची डायरी. मी ती काढली. बाई गणिताच्या शिक्षिका, निवृत्त झालेल्या. दर शुक्रवारी बारा वाजता छोटी मोतिया रंगाची गाडी घेऊन यायच्या, समोरच्या ग्रंथालयात बसायच्या, अडीचला परत. पहिल्या शुक्रवारी मी गाडी तीन खांब सारली. बाकीची माणसं चिडतात, ओरडतात. बाई चिडल्या नाहीत. रिकाम्या जागेपुढे उभ्या राहिल्या, पर्स दोन्ही हातांनी पुढे धरून, डोकं जरा कलतं, जसं काही कोणी फळ्यावर गणित घातलंय आणि वर्ग वाट बघतोय. इतकं सुंदर उभं राहिलेलं मी कोणाला बघितलं नव्हतं. म्हणून पुढच्या शुक्रवारी परत केलं. आणि त्याच्या पुढच्या. चौथ्या शुक्रवारी त्या डायरी घेऊन आल्या. गाडी लावल्यावर लिहिलं. मी लांबून बघत होतो. लिहिलं, परत खांबाकडे बघितलं, परत लिहिलं. शहाणा माणूस असता तर तिथे थांबला असता. मी थांबलो नाही. अडीच वाजता बाई आल्या, डायरी उघडली, खांबावरचा आकडा बघितला, डायरीतला बघितला, परत खांबावरचा. फळ्यावरचं गणित चुकलं होतं आणि ते त्यांनी स्वतः घातलं होतं. मी जाऊन गाडी दाखवली. "इथेच आहे बाई, हे काय." त्या म्हणाल्या, "हो. इथेच आहे." पुढच्या शुक्रवारी त्या मुलाबरोबर आल्या. मुलगा मोठा अधिकारी, किल्ली त्याच्या हातात. "मी आता गाडी चालवणार नाही," बाई मला म्हणाल्या. "माझं डोकं चालेनासं झालंय. तुमची आठवण चांगली आहे, तुम्हाला उपयोग नाही, तरी ठेवा." आणि डायरी मला दिली. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण मुलगा तिथे उभा होता, नोकरी गेली असती, आणि बाईंच्या मागे लिफ्टचं दार उघडं होतं. तोंड मिटायला फार वेळ लागत नाही.

डायरीत चारच शब्द आहेत. बाकी सगळी पानं कोरी. "सातवा खांब. नक्की. नक्की." दुसऱ्या नक्कीखाली दोन रेघा. मी ते तीन वाजता वाचलं, सव्वातीनला वाचलं. वकिलाच्या गाडीचा सातवा मी या पानावरून तर उचलला नव्हता, हे मला सुचत होतं आणि मी ते सुचू देत नव्हतो. मग उठलो. म्हटलं, परीक्षा घेऊ. भिंतीकडे तोंड केलं, कपाळ सिमेंटला टेकवलं, सिमेंट गार होतं, त्याला धुराचा वास येत होता, आणि पाढे म्हणतात तसं म्हणायला सुरुवात केली. पहिला खांब, आत राखाडी, आत पांढरी, बाहेर बँकवाला, बाहेर मोकळी. दुसरा, आत दोन्ही डॉक्टरीणबाईंच्या, बाहेर टॅक्सी. तिसरा, चौथा, पाचवा. तोंड झरझर चाललं होतं. तेराव्यापर्यंत गेलो, मग वळलो आणि एकेक गाडी बघत निघालो. बरोबर. बरोबर. मला हसू यायला लागलं. नवव्यापर्यंत एकही चूक नाही. मी मोठ्याने म्हटलं, "घ्या!" सामसूम मजल्यावर ते घुमलं. बाराव्याला आत निळी गाडी होती.

निळी गाडी मला माहीत नव्हती. बाराव्याला आत मी हिरवी म्हटली होती, हिरवी होतीच, तिच्या शेजारी मोकळी म्हटली होती आणि तिथे निळी. वायपरखाली पावती. पावतीवर मजला आणि खांब लिहायचं काम माझं. दोन, बारा, आत, वेळ दहा वीस. अक्षर माझं. माझ्या दोनाची शेपटी वर जाते, ती वर गेलेली. मी निळ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, जनावराला ठेवतात तसा. गार होती. खिडकीतून आत बघितलं, मागच्या सीटवर लहान मुलाचा एक बूट. या बुटाबद्दल मी काहीतरी बोललो असणार. मी बोलल्याशिवाय राहतच नाही. "एकाच पायाचं पोर का साहेब?" असं काहीतरी. कोणीतरी हसलं असणार. दहा वीसला या मजल्यावर एक माणूस होता, माझ्या अक्षरात लिहीत होता, माझ्यासारखे विनोद करत होता, आणि मी नव्हतो.

मग पाच वाजले आणि लोक उतरायला लागले. "नकाशा, माझी?" "चौथा, आत." "माझी कुठे?" "नववा, बाहेर." उत्तर देताना प्रत्येक वेळी मी त्या माणसाच्या मागोमाग मान लांब करून बघत होतो, गाडी सापडेपर्यंत श्वास धरून. सापडत होत्या. एकजण म्हणाला, "आज असा का बघतोयस, माझ्या गाडीत प्रेत आहे का?" मी नेहमीसारखं म्हणालो, "डिकीत आहे साहेब, हळू चालवा," आणि तो हसला, आणि मला वाटलं, बघ, अजून जमतंय. निळ्या गाडीचा मालक आला. त्याने मला विचारलंच नाही, सरळ बाराव्याला गेला, जाताना मला हात केला, ओळखीचा. मीही केला. हात करणं सोपं आहे.

जिन्यात पावलांचा आवाज आला, एकेक, मध्ये थांबून. लंबू. एक हात कठड्यावर, एक हात पोटावर, तोंड लाल. "तुला जिने चढायला मनाई आहे ना रे?" मी म्हटलं. तो माझ्या स्टुलावर बसला, लांब पाय पसरले, दम खाल्ला. "तुझा वकील खाली हसत हसत गेला," तो म्हणाला. "म्हणे तुमच्या नकाशाने आज माझी फिरकी घेतली. मग दुपारपासून बघतोय, तू खाली चहाला पण आला नाहीस. पावतीवालीने दोनदा हाक मारली." माझ्या हातात बाईंची डायरी होती, ती मी खिशात सारली. लंबूने खिशाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग सातव्या खांबाकडे. आणि त्याचं तोंड एकदम पसरलं, दात दिसले. "मी ढकलली, येड्या," तो म्हणाला.

"काय?"

"वकिलाची. जेवणाच्या सुटीत. तू मागे मोरीत हात धुवायला गेलास ना, तेव्हा आलो वर. एकोणीस वर्षं लोकांची टोपी उडवतोस, म्हटलं आज तुझी उडवावी. तुझाच ठोकळा लावला, लाल दोरीचा. चेहरा काय झालाय बघ तुझा!" आणि त्याने गुडघ्यावर थाप मारली.

छत्रीची गोष्ट मी लंबूला पन्नास वेळा तरी सांगितली असेल. चहावर, रॅम्पवर, त्याच्या पोटाला टाके घातले त्या दिवशी दवाखान्यात त्याला हसवायला. कसे बाबा छत्री शोधत राहायचे आणि म्हातारपणी ती खरंच हरवायला लागल्यावर मी कसं म्हणायचो, "मीच लपवली बाबा, गंमत केली," आणि त्यांचा जीव कसा भांड्यात पडायचा. पंचवीस वर्षांचा घोडा मी, आणि ते कान पिळायचे. गोष्ट मी तिथे संपवायचो. शेवट सांगायचो नाही. शेवट असा की एका संध्याकाळी मी कामावरून आलो, ते छत्री शोधत होते, आई दाराशी उभी होती, आणि मी उंबऱ्यातूनच म्हणालो, "मीच लपवली बाबा." ते माझ्यापाशी आले. कान धरला. पिळला नाही. त्यांची बोटं थंड होती. खाली बघून ते हळूच म्हणाले, आईला ऐकू जाणार नाही इतकं हळू, "तू आत्ता येतोयस. बूट पायात आहेत." आणि मग कान पिळला, नेहमीपेक्षा हलका, आणि मोठ्याने म्हणाले, "तूच ना रे गधड्या?" आई हसली. मी हसलो. पण सगळ्यांत आधी हसले होते ते बाबा.

लंबू अजून हसत होता. कपाळावरचा घाम त्याने बाहीने पुसला. दोन जिने चढून आला होता फक्त. मला त्याचा तो लांबोडका, खोटं बोलणारा चेहरा दिसत होता आणि माझ्या तळहातांवर काहीच वजन नव्हतं. मी पुढे झालो, हात लांब करून त्याचा कान धरला. माणूस बसलेला होता म्हणून पोचला.

"तूच ना रे गधड्या?" मी म्हटलं.

"मीच!" लंबू ओरडला. "आई गं, सोड!"

मी सोडला. खालून हॉर्न वाजला, पावतीवालीने कोणालातरी हाक मारली. लंबू कठडा धरून उठला, पोटावर हात ठेवला, एक पायरी उतरला.

"ढकलताना दुखलं नाही ना रे?" मी विचारलं.

तो थांबला. वळला नाही. "नाही रे," तो म्हणाला. "हलकी होती."